हौशी गळा आणि छोटा पडदा

मराठी दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धेचा इतिहास बहुधा २००६ सालापासून, म्हणजे झी मराठीवर ‘सारेगमप’ सुरू झाले तेव्हापासून सांगितला जातो. वाहिनीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण त्या मंचावर जी मुले-माणसे येऊन उभी राहिली, त्यांना चारचौघांत गायला, चढाओढ करायला आणि परीक्षकांसमोर निकालाची वाट पाहायला दूरचित्रवाणीने शिकवलेले नव्हते. ती सवय गावोगावच्या भजनी मंडळांनी, गणेशोत्सवातल्या मेळ्यांनी, वाद्यवृंदांनी आणि आकाशवाणीच्या स्वरचाचणीने आधीच लावून ठेवली होती. छोट्या पडद्याने बदलला तो निकाल देणारा माणूस, आणि त्याबरोबर हळूहळू गाणेही.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८४५ मध्ये येथे जन्मले, म्हणून गावाचे नाव सर्वांना ठाऊक. गाण्याच्या इतिहासात या गावाचे वेगळे पान नाही. पण ज्या पट्ट्यात ते वसले आहे, तिथल्या गावांत गाणे कधी दुर्मीळ नव्हते. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, हळदीच्या रात्री ढोलकी थांबत नाही, आणि सप्ताहात भजनाची बारी लागते. ही गाणी गाणारे कोणी व्यावसायिक नव्हेत. दिवसभर शेतात, मिठागरावर किंवा कारखान्यात राबलेली माणसे रात्री टाळ हाती घेत.

यातली भजनाची स्पर्धा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण पुढे पडद्यावर जे दिसले त्यातले बरेच काही तिच्यात आधीपासून होते. बुवा पेटीवर, शेजारी पखवाजी, मागे झांज आणि कोरस. मंडळाला ठरावीक वेळ दिलेला असतो आणि तेवढ्यात रूपाचा अभंग, दुसरा अभंग, गवळण, गजर असा क्रम बसवायचा असतो. परीक्षक एका बाजूला कागद घेऊन बसतात. सूर, ताल, शब्दोच्चार, साथ आणि कोरस यांचे गुण वेगवेगळे मांडतात. उत्कृष्ट गायक, उत्कृष्ट पखवाजवादक, उत्कृष्ट कोरस अशी वैयक्तिक बक्षिसेही असतात, म्हणजे मंडळ हरले तरी एखादा पखवाजी जिंकून घरी जातो. कामगार कल्याण मंडळाने गिरण्या-कारखान्यांतल्या भजनी मंडळांसाठी राज्यभर अशा स्पर्धा भरवल्या आणि या चढाओढीला कागदोपत्री शिस्त आली. श्रोते दाद देत, नाके मुरडत, निकालावर रात्रभर वादही घालत. पण त्यांना मत नव्हते.

गावाबाहेर पडू पाहणाऱ्या गळ्यासाठी पुढची पायरी आकाशवाणीची होती. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ पासून चालू होते, पण गायकांची पद्धतशीर चाचणी सुरू झाली ती १९५२ नंतर, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यावर. स्वरचाचणी मंडळाची धुरा पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांकडे होती. गायकाला परीक्षकांच्या नजरेआड बसवून गाऊन घ्यायचे आणि श्रेणी ठरवायची, असा हा कारभार. नामवंत कलावंतांनाही त्यातून जावे लागणार म्हटल्यावर मोठे वादळ उठले. केसकरांनी चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले, आणि श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. हौशी गायकाला मात्र या व्यवस्थेने एक मोठी गोष्ट दिली. ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ हे बिरुद कार्यक्रमपत्रिकेवर छापता येऊ लागले, आणि सुगम संगीत गाणाऱ्या कित्येक शिक्षकांची, कारकुनांची, गृहिणींची आयुष्यभराची प्रतिष्ठा त्या दोन शब्दांवर उभी राहिली.

चित्रपटसृष्टीने स्पर्धेचा मार्ग त्याआधीच हाताळला होता. ‘खजांची’ या १९४१ च्या चित्रपटाच्या निमित्ताने झालेल्या गाण्याच्या स्पर्धेत लहानग्या लता मंगेशकरांनी बक्षीस मिळवले होते. १९५७ मध्ये मेट्रो-मर्फी स्पर्धा झाली. तिचे परीक्षक म्हणजे नौशाद, सी. रामचंद्र, वसंत देसाई, अनिल विश्वास आणि मदनमोहन. विजेते महेंद्र कपूर आणि आरती मुखर्जी. विजेत्याला नुसता पेला नव्हे, चित्रपटातली गाणी मिळायची. महेंद्र कपूर यांना नौशादांनी ‘सोहनी महिवाल’मध्ये आणि सी. रामचंद्रांनी ‘नवरंग’मध्ये गायला लावले. कोल्हापूरचे सुरेश वाडकर १९७६ च्या सूरसिंगार स्पर्धेतून पुढे आले. परीक्षकांत असलेल्या रवींद्र जैन आणि जयदेव यांनीच त्यांना चित्रपटात आणले. ज्याच्या हाती काम आहे त्यानेच परीक्षा घ्यायची, हा या स्पर्धांचा व्यवहार होता, आणि तो सरळ होता. पुढच्या काळात परीक्षक राहिले, पण काम देणारे ते उरले नाहीत.

जगात इतरत्र हौशी गायकांचा कार्यक्रम नभोवाणीवर केव्हाच रुळला होता. अमेरिकेत मेजर बोज यांचा ‘अमॅच्युअर अवर’ १९३५ मध्ये देशभर ऐकू येऊ लागला. त्याच वर्षी फ्रँक सिनात्रा एका चौकडीबरोबर त्यात गायला. गाणे जमले नाही की तिथे तास वाजवून गायकाला थांबवत. जपानमध्ये युद्धात होरपळलेल्या देशाला एनएचकेने जानेवारी १९४६ मध्ये ‘नोदो जिमान’ हा हौशी गायकांचा कार्यक्रम दिला. तिथेही निकाल घंटेच्या टोलांनी कळे आणि आजही कळतो. भारतात नभोवाणी सरकारी होती आणि तिची दृष्टी शिक्षकाची होती. हौशी माणसाने चाचणी द्यावी, पास व्हावे आणि मग गावे. त्याच्या धडपडीचाच कार्यक्रम करावा, हे तिला सुचले नाही, आणि सुचते तरी पसंत पडले नसते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, तेव्हा हीच दृष्टी त्याच्याकडे वारशाने आली. वरळीच्या मनोऱ्यावरून येणारे चित्र खाडीपलीकडे पनवेलच्या बाजूला पोहोचत होते. आळीत एखाद्याच घरी संच असे आणि ओटीवर अख्खी आळी बसे. ‘छायागीत’ला गर्दी होई. अरुण काकतकरांच्या ‘शब्दांच्या पलीकडले’ने भावगीताला चेहरा दिला, ‘किलबिल’मध्ये मुले गात. या सगळ्यांत निवड आधी झालेली असे. पडद्यावर येणारा माणूस पारखून घेतलेला असे आणि त्याची पारख प्रेक्षकाला दिसत नसे. कार्यक्रम नेटके होते. त्यांत निकालाची धाकधूक तेवढी नव्हती.

ती आणली खासगी वाहिन्यांनी. झी टीव्ही १९९२ मध्ये आली. गजेंद्र सिंह यांच्या ‘अंताक्षरी’ने लोकांना गाण्याचा खेळ आवडतो हे सिद्ध केले, आणि १ मे १९९५ ला त्यांनीच ‘सा रे ग म’ सुरू केले. सूत्रसंचालक सोनू निगम तेव्हा स्वतःच धडपडत होता. परीक्षकांच्या खुर्चीवर शास्त्रीय संगीतातले बुजुर्ग आणि जुने संगीतकार बसत. ते स्पर्धकाशी गुरुजीसारखे बोलत, चुकलेली जागा स्वतः गाऊन दाखवत. मुलांच्या विशेष भागात कल्याणजींनी श्रेया घोषालला हेरले. पुढे याच मंचावर तिला पाहून संजय लीला भन्साळी यांनी ‘देवदास’साठी बोलावले. पुण्याची बेला शेंडे याच कार्यक्रमाची विजेती. दूरदर्शनवरही १९९६ मध्ये ‘मेरी आवाज सुनो’ आले आणि सुनिधी चौहानने लता मंगेशकर करंडक जिंकला. मराठी घरांत हे कार्यक्रम आवडीने पाहिले जात. हिंदी गाणी सफाईने म्हणणारी मराठी मुलेही त्यांत दिसत; पण मराठी गाण्याला तिथे जागा नव्हती.

यानंतरचा बदल गाण्याच्या बाजूने आलाच नाही, तो मोबाइलच्या बाजूने आला. ब्रिटनमध्ये २००१ साली ‘पॉप आयडल’ने मतदानाची सूत्रे प्रेक्षकांच्या हाती दिली. तोच साचा विकत घेऊन सोनी वाहिनीने ऑक्टोबर २००४ मध्ये ‘इंडियन आयडल’ आणले. मार्च २००५ मध्ये त्याचा पहिला विजेता झाला मुंबईचा अभिजीत सावंत. एसएमएस पाठवायचा, एसएमएसला पैसे पडायचे, आणि त्या पैशांत दूरसंचार कंपनी आणि वाहिनी दोघींचा वाटा. प्रेक्षक मत देत होता आणि किंमतही मोजत होता. त्याच वर्षी सुरू झालेल्या झीच्या ‘सा रे ग म प चॅलेंज’मध्ये पुढे आसामचा देबोजित साहा जिंकला, तेव्हा मत आवाजाला पडते की प्रांताला, यावर देशभर खल झाला. तसे पाहिले तर भजनस्पर्धेत आपल्या गावच्या बुवासाठी गाड्या भरून जाणाऱ्यांना हा प्रश्न नवा नव्हता. फरक इतकाच की तिथे परीक्षक त्या गाड्या मोजत नसत.

मराठी ‘सारेगमप’ आले ते या वातावरणात. १५ ऑगस्ट १९९९ ला सुरू झालेली अल्फा मराठी आता झी मराठी झाली होती, आणि २००६ मध्ये तिने हा कार्यक्रम मराठीत आणला. सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांचे, परीक्षक देवकी पंडित आणि अवधूत गुप्ते. ही जोडी विचारपूर्वक जुळवलेली होती. देवकीताई जयपूर घराण्याची तालीम घेतलेल्या, श्रुती हलली की लगेच पकडणाऱ्या. अवधूत गुप्ते तरुणांच्या भाषेत बोलणारे नव्या दमाचे संगीतकार. एकाच गाण्यावर दोघांची मते वेगळी पडली की प्रेक्षकाला आपलेही मत असावेसे वाटे. कार्यक्रमाच्या नावाआधी एका मोबाइल कंपनीचे नाव प्रायोजक म्हणून लागलेले असे, ते एसएमएसच्या हिशेबाला साजेसेच होते.

कार्यक्रमाचा खरा कणा होता वाद्यवृंद. संगीत संयोजक कमलेश भडकमकर आणि त्यांचे सहकारी, सिंथेसायझरवर सत्यजित प्रभू, बासरीवर अमर ओक, तबल्यावर आर्चिस लेले, ढोलकी आणि तालवाद्यांवर नीलेश परब, ही नावे प्रेक्षकांना स्पर्धकांइतकीच पाठ झाली. मराठी प्रेक्षक साथीदारांना नावाने ओळखू लागला, हे या कार्यक्रमाचे फारसे न बोलले गेलेले काम. गाणे बसवण्याची रीतही ठरून गेली. स्पर्धकाची पट्टी आधी काढायची, काळी एक की पांढरी पाच. मूळ गाण्याचे संगीताचे तुकडे त्या पट्टीत लिहून घ्यायचे, तालीम करायची, मग चित्रीकरण. एका दिवसात एकाहून अधिक भाग चित्रित होत, त्यामुळे स्पर्धकाला दोन-तीन गाणी एकदम तयार ठेवावी लागत. गळा बसला तरी दिवस पुढे ढकलता येत नसे.

गाण्याची लांबी मात्र घटली. जाहिराती, परीक्षकांची टिप्पणी, पाहुण्यांच्या गप्पा आणि घरच्यांच्या डोळ्यांतले पाणी यांतून जो वेळ उरे, त्यात मुखडा आणि एक अंतरा बसे. तीन-चार कडव्यांचे भावगीत, ज्याचा अर्थ शेवटच्या कडव्यात उलगडतो, ते या साच्यात पुरते गाता येत नव्हते. लगेच टाळी घेणारी जागा ज्या गाण्यात आहे ते निवडले जाऊ लागले: वर जाणारी तान, ढोलकीचा कडकडाट, लावणीचा ठेका. वाहिनीला याचा दोष देऊन सुटका नाही. स्पर्धा म्हटली की ठरलेल्या वेळात सगळे दाखवावे लागते, हे भजनी मंडळांनाही चुकले नव्हते. तरी बुवा निदान अभंग पुरा म्हणत.

आणि तरीही जुने मराठी गाणे या मंचानेच घरोघर परत नेले, हेही खरे. नाट्यपदे, गौळणी, ‘गीतरामायणा’तली पदे, लोकगीते, ज्यांची ध्वनिमुद्रणे फक्त वडीलधाऱ्यांच्या कपाटात होती, ती शाळकरी मुलांच्या तोंडी आली. याची कमाल झाली ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये. जुलै २००८ मध्ये सुरू झालेल्या या पर्वाचे परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत होते. गुणांऐवजी ते सूर देत. ‘नी’ मिळाला म्हणजे उत्तम, आणि ‘वरचा सा’ मिळाला तर मग काही विचारायलाच नको. ही गुणपत्रिका इतकी लोकप्रिय झाली की घरात आमटी चांगली झाली तरी लोक ‘वरचा सा’ देऊ लागले.

अंतिम फेरीत पाच जण पोहोचले आणि त्यांची गावेच खूप काही सांगतात: आळंदीची कार्तिकी गायकवाड, कोकणातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन. मुंबईचे कोणी नाही. कार्तिकीच्या आवाजात वारकरी गाण्याची धार होती. प्रथमेश नाट्यपदे अशा ठामपणे म्हणे की परीक्षकही अवाक होत. आर्याचा स्वर रियाझातून घोटलेला. रोहित पाश्चात्त्य ढंगाची गाणी बिनधास्त गाई. आणि सगळ्यांत लहान मुग्धाचे कौतुक करताना अख्ख्या रायगड जिल्ह्याला ती आपल्याच घरची वाटे. शिरढोणपासून पेणमार्गे अलिबागला जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा मुग्धाला मत द्या म्हणून सांगावे लागत नव्हते. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजेती ठरली. पाचही मुलांना ‘पंचरत्न’ म्हटले गेले आणि त्याच नावाने त्यांच्या गाण्यांचा संग्रहही निघाला. प्रथमेश आणि मुग्धा यांचा विवाह डिसेंबर २०२३ मध्ये झाला, तेव्हा पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांनी तो घरच्या कार्यासारखा पाहिला.

मोठ्यांच्या पर्वांतूनही गायक घडले. कोल्हापूरचा अभिजित कोसंबी सुरुवातीच्या विजेत्यांपैकी. विदर्भातून आलेली वैशाली माडे मराठी ‘सारेगमप’ जिंकून २००९ मध्ये हिंदी ‘सा रे ग म प’चीही विजेती झाली, पुढे ‘बाजीराव मस्तानी’त ती श्रेया घोषालबरोबर गायली, म्हणजे एकाच कार्यक्रमाच्या दोन पिढ्या एका गाण्यात आल्या. रोहित राऊत ‘इंडियन आयडल’च्या अकराव्या पर्वात २०२० मध्ये उपविजेता ठरला. पण सगळ्यांना पार्श्वगायन मिळाले असे नाही, आणि ते मिळणे शक्यही नव्हते. चित्रपटगीतांची संख्या ठरलेली, स्पर्धक दरवर्षी नवे. बहुतेकांचा चरितार्थ लागला तो मंचीय कार्यक्रमांवर. गणेशोत्सवाच्या आणि जत्रेच्या फलकांवर गायकाच्या नावापुढे वाहिनीच्या कार्यक्रमाचे नाव आणि ‘फेम’ असे छापले जाऊ लागले. जुन्या ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ची जागा त्याने घेतली. पनवेलमध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्याच नावाचे नाट्यगृह उभे राहिले आणि अशा गायकांच्या कार्यक्रमांना तालुक्याच्या ठिकाणीच बंदिस्त रंगमंच मिळाला.

क्लासांवरही परिणाम झाला. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय पनवेलपासून जवळच, वाशीला. मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका अशा पायऱ्यांनी विशारदपर्यंत जातात आणि त्याला वर्षे लागतात. ‘लिटिल चॅम्प्स’नंतर क्लासला येणाऱ्या पालकांना वर्षांत नव्हे, महिन्यांत बोलायचे असे. काही शिक्षकांनी हात जोडले. काहींनी अलंकारांच्या जोडीला ‘ऑडिशनची तयारी’ सुरू केली.

मुलांच्या चित्रीकरणाबद्दल सरकारला नियम करायला वेळ लागला. बालहक्क संरक्षण आयोगाने आधी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर २०१७ मध्ये नियम आले. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत ठेव. पहिले ‘लिटिल चॅम्प्स’ झाले तेव्हा यातले काहीही कायद्याने बंधनकारक नव्हते.

२०१७ नंतर स्पर्धा वाढल्या आणि एकमेकींसारख्या दिसू लागल्या. त्या वर्षी कलर्स मराठीने ‘सूर नवा ध्यास नवा’ आणले. अवधूत गुप्ते, महेश काळे आणि शाल्मली खोलगडे हे परीक्षक आपापल्या संघाचे कर्णधारही होते आणि विजेत्याला सुवर्ण कट्यार मिळे. त्याच सुमारास झी मराठीने ‘सारेगमप’ परत आणले. परीक्षकांत बेला शेंडे होत्या, त्यांच्या शेजारी दिग्दर्शक रवी जाधव आणि गीतकार स्वानंद किरकिरे, आणि सूत्रसंचालक रोहित राऊत. म्हणजे दोन स्पर्धक मंचाच्या पलीकडे जाऊन बसले होते, आणि गाण्याचा निवाडा आता केवळ गायकांकडे राहिला नव्हता. २०२१ मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’ पुन्हा आले तेव्हा तर ‘पंचरत्न’च ज्युरी म्हणून समोर बसले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये सोनी मराठीवर ‘इंडियन आयडल मराठी’ सुरू झाले. परीक्षक अजय-अतुल, सूत्रसंचालक स्वानंदी टिकेकर. एप्रिल २०२२ मध्ये त्याचा विजेता ठरला पनवेलचा सागर म्हात्रे. ज्या तालुक्याने भजनस्पर्धा पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या, त्यातल्या गायकाला परदेशातून आलेल्या साच्याचा पहिला मराठी किताब मिळाला.

एव्हाना मत देण्याची रीतही पालटली होती. एसएमएस मागे पडला आणि मतदान वाहिन्यांच्या अ‍ॅपवर गेले. प्राथमिक चाचणीही मोबाइलवर चित्रित केलेल्या गाण्याने देता येऊ लागली. रांगेत ताटकळणे संपले, मत फुकट झाले, आणि मत द्यायचे तर आधी वाहिनीचे अ‍ॅप उतरवून घेणे भाग पडले. स्पर्धेची किंमत प्रेक्षक आता पैशांऐवजी आपल्या क्रमांकाने आणि पाहण्याच्या वेळेने चुकवतो. तालुक्याच्या गावी कराओकेच्या स्पर्धा सुरू झाल्या आहेत, त्यांत वादक नसतात. सप्ताहातल्या भजनाच्या बाऱ्या चालू आहेत, आणि तिथले परीक्षक अजून कागदावरच गुण मांडतात.